डोंगर कोणाला म्हणायचं आणि तो झिजतो कसा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भूगोल शिकवणं थांबून बरीच वर्षं झाली, पण रविवारी सकाळी आठ-दहा जणांना घेऊन नागपूरच्या आसपासच्या टेकड्यांवर जायची सवय काही सुटली नाही. घरी परतले की दुपारपासून व्हॉट्सॲपवर प्रश्न यायला लागतात, आणि दरवेळी थोडेफार तेच असतात. एकदाच सगळ्यांची उत्तरं लिहून ठेवावीत म्हणून हे पान. प्रश्न आले तसेच ठेवलेत, फक्त शुद्धलेखन दुरुस्त केलं आहे. (जुन्या मास्तरीणबाईंना तेवढं तरी करू द्या.)

१. मॅडम, टेकडी कुठे संपते आणि डोंगर कुठे सुरू होतो? किती मीटर?

जगाने मिळून ठरवलेला असा एक आकडा नाही. एनसीईआरटीच्या सहावीच्या जुन्या भूगोलात ६०० मीटर वाचलेली मुलं तो आकडा ब्रह्मवाक्य समजतात. ब्रिटनमध्ये २,००० फूट, म्हणजे जवळपास ६१० मीटर, अशी रूढी आहे. तिच्यापायी २०१६ मध्ये एक मजा झाली. कंब्रियातल्या काफ टॉप नावाच्या टेकडीची नव्याने मोजणी झाली आणि उंची निघाली ६०९.६०६ मीटर. हद्द ६०९.६ ची. सहा मिलिमीटरने टेकडीचा डोंगर झाला! अमेरिकेत भौगोलिक नावं ठरवणारं मंडळ एके काळी आजूबाजूपेक्षा १,००० फूट उंच असण्याची अट धरत असे, ती त्यांनी १९७० च्या दशकात सोडून दिली.

आपल्या भाषेने मीटरच्या भानगडीत न पडता काम भागवलं आहे. टेकाड, टेकडी, डोंगर, पर्वत अशी चढण आहे. दगडाळ, पीक न येणाऱ्या उंचवट्याला बरड म्हणतात. पूर्वेला झाडीपट्टीकडे गेलात तर त्याच टेकडीला लोक पहाडी म्हणतील. शेळ्या चारणाऱ्याला या शब्दांवरून जेवढं कळतं तेवढं नुसत्या ६०० च्या आकड्यावरून कळत नाही.

२. मग सेमिनरी हिल्स आणि सीताबर्डी? तिथे तर दम पण लागत नाही.

टेकड्याच, आणि त्यात कमीपणा काही नाही. नागपूर शहरच समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर बसलंय. त्यामुळे या टेकड्यांच्या माथ्याचा आकडा कागदावर भरभक्कम दिसतो, पायाला मात्र जेमतेम चढ लागतो. कुठली उंची खरी धरायची, ते प्रश्न ४ मध्ये आहे.

सीताबर्डीचा किल्ला सैन्याच्या ताब्यात आहे. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी अशा मोजक्या दिवशी तो लोकांसाठी उघडतो. गेलात तर तोफा बघून झाल्यावर पायाखालचा काळा खडकही बघा. १८१७ ची भोसले-इंग्रज लढाई त्याच्या हिशेबाने कालची गोष्ट आहे.

३. परीक्षेत काय लिहू? एमपीएससीची तयारी करतोय.

पुस्तकात असेल ते लिहा. मुलाखतीत मात्र ‘एकमेव व्याख्या नाही’ म्हणायची तयारी ठेवा आणि संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाची वर्गवारी सांगा. तिच्यात २,५०० मीटरच्या वरचं सगळं पर्वतीय धरतात. त्याखाली उताराची अट लागते. ३०० ते १,००० मीटरच्या पट्ट्यात तर नुसती उंची चालतच नाही. सात किलोमीटरच्या त्रिज्येत जमिनीच्या चढउतारात ३०० मीटरपेक्षा जास्त फरक असावा लागतो. या हिशेबाने चिखलदऱ्याजवळचा ११७७ मीटरचा वैराट सहज पास होतो. रामटेक नापास. रामटेकच्या लोकांनी रागावू नये, प्रश्न ८ वाचावा.

४. उंची समुद्रापासून मोजायची की पायथ्यापासून?

तुम्हाला काय हवंय त्यावर आहे. समुद्रसपाटीपासून मोजली तर एव्हरेस्ट पहिला, ८,८४८.८६ मीटर, हा आकडा नेपाळ आणि चीनने २०२० मध्ये मिळून जाहीर केला. पायथ्यापासून मोजली तर हवाई बेटांवरचा मौना किया बाजी मारतो. पाण्याबाहेर तो ४,२०७ मीटरच दिसतो, पण त्याचं बूड समुद्राच्या तळाशी आहे आणि तिथून तो दहा किलोमीटरपेक्षा उंच भरतो.

गिर्यारोहक आणखी एक माप वापरतात. शिखरावरून निघून त्याच्याहून उंच शिखराकडे जायचं तर कमीत कमी किती खाली उतरावं लागतं? ल्होत्से ८,५१६ मीटर उंच आहे, पण त्याच्या आणि एव्हरेस्टच्या मधली खिंड त्याच्या माथ्यापासून फक्त ६१० मीटर खाली आहे. इतका उंच असूनही तो काहींना एव्हरेस्टचा खांदाच वाटतो. खांदा आणि डोंगर यांच्यातली ती खिंड मुळात झिजेनेच कोरलेली असते, हे ध्यानात ठेवा, पुढे कामी येईल.

५. विदारण, झीज, धूप हे सगळं एकच ना?

नाही. खडक जागच्या जागी फुटतो, कुजतो, त्याला विदारण म्हणतात. सुटलेला माल पाणी, वारा, बर्फ किंवा लाटा ओरबाडून घेऊन जातात, ते क्षरण. रोजच्या बोलण्यात आपण त्याला झीज म्हणतो. तोच प्रकार शेतातल्या मातीच्या बाबतीत झाला की धूप. उतारावरचा माल नुसत्या वजनाने खाली सरकला तर पाठ्यपुस्तकं त्याला विस्तृत झीज म्हणतात. दरड कोसळणं त्यातच येतं.

डोळ्यांनी बघायचं असेल तर अमरावती किंवा काटोल रोडने शहराबाहेर पडा आणि रस्त्यासाठी टेकडी कापलेली एखादी जागा गाठा. कापलेल्या भिंतीत कांद्यासारखे गोल गोळे दिसतील. बोटाने बाहेरची पिवळट-तांबूस साल ओढा, पापुद्रा हातात येतो. आत दुसरा, त्याच्या आत तिसरा. चार-सहा पापुद्रे निघाले की मध्ये निळसर काळा गाभा लागतो. त्याच्यावर दगड आपटला तर टण् वाजतो. गाभा म्हणजे मूळ बेसाल्ट, लाव्हा थिजून झालेला काळा खडक. बेसाल्टमध्ये भेगा असतात. त्यांतून पाणी शिरतं, कोपऱ्यांवर दोन-तीन बाजूंनी हल्ला करतं, म्हणून चौकोनी ठोकळा कुजत कुजत गोल होतो. बाहेरचा भुसभुशीत माल म्हणजे आपला मुरूम. घराच्या पायात भरतो तोच.

६. मे महिन्यात ४५-४६ डिग्री आणि त्यावर पहिला पाऊस, दगड तडकत असणारच ना?

सगळ्यांना हेच वाटतं. मीही वर्गात वर्षानुवर्षं हेच शिकवलं, आणि ते अर्धंच खरं होतं.

१९३६ मध्ये डेव्हिड ग्रिग्ज या अमेरिकन संशोधकाने ग्रॅनाइटचा तुकडा यंत्रात घालून हजारो वेळा तापवला आणि थंड केला. सुमारे २४४ वर्षांच्या दिवस-रात्री होतील इतक्या वेळा. कोरड्या हवेत दगडाला काहीही झालं नाही. मग थंड करताना पाणी वापरलं, तर थोड्याच काळात पृष्ठभाग खराब दिसायला लागला. म्हणजे एकटं ऊन फारसं करत नाही, उन्हाला पाण्याची साथ लागते. नंतरच्या अभ्यासकांनी ऊन अगदीच निर्दोष सोडलेलं नाही. खऱ्या डोंगरातल्या दगडात आधीच बारीक चिरा असतात, आणि रोजच्या तापण्या-निवण्याने त्या केसाकेसाने पुढे सरकतात.

आपल्याकडे खरा कामगार आहे तो पावसाचं पाणी. हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन ते सौम्य आम्ल होतं आणि बेसाल्टमधल्या खनिजांची चिकणमाती करतं. तुमच्या शेतातली काळी माती अशीच झाली.

७. सीताबर्डी म्हणजे जुना ज्वालामुखी आहे का? आणि आपल्या बहुतेक टेकड्यांचे माथे सपाट काहून असतात?

ज्वालामुखीतून आलेला खडक आहे, ज्वालामुखी नाही. फुजीयामाचं चित्र डोक्यातून काढून टाका. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीतल्या लांबलांब भेगांमधून पातळ लाव्हा बाहेर आला आणि पसरला. थंड झाला, काही काळ गेला, पुन्हा आला. असे थरावर थर. आज उरलेलं क्षेत्रच सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे.

दोन उद्रेकांच्या मधल्या काळात इथे तळी होती, झाडं होती, गोगलगायी होत्या. टाकळी आता शहरात गुडुप झाली आहे, पण तिथल्या दोन लाव्हाथरांमधल्या गाळात स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याला गोड्या पाण्यातल्या शंखांचे आणि वनस्पतींचे जीवाश्म मिळाले. हिस्लॉप कॉलेजचे हिस्लॉप ते हेच. १८६३ मध्ये ते पुराच्या पाण्यात बुडून गेले. झिजेच्या पानावर हा तपशील लिहिताना दरवेळी हात अडखळतो.

आता सपाट माथ्याचं. थर आडवे, आणि सगळे सारखे टणक नाहीत. नदीनाले भेगांमधून खाली कापत जातात, मऊ थर लवकर खचतो, टणक थर छपरासारखा टिकतो. त्या छपराच्या आश्रयाने जे उरलं ती टेकडी. म्हणून कडेला पायऱ्या आणि वर टेबल. या लाव्हाथरांना ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात, त्यातला ‘ट्रॅप’ हा शब्दच पायरीसाठीच्या स्वीडिश शब्दावरून आला. थोडक्यात, आपली टेकडी वर उचलली गेलेली नाही. शेजारची जमीन निघून गेली आणि ती मागे राहिली. आठवडी बाजार उठल्यावर एखादाच पाल उभा असावा तशी.

८. रामटेकचा दगड वेगळा दिसतो. तोही लाव्हाच ना?

नाही, आणि हा प्रश्न विचारणाऱ्याला माझ्याकडून एक संत्राबर्फी. नागपूर भूशास्त्राच्या दृष्टीने उंबरठ्यावरचं गाव आहे. पश्चिमेला काळा बेसाल्ट, पूर्वेला आणि उत्तरेला त्याच्याहून कितीतरी जुने खडक, मध्येच कामठीकडे गोंडवन काळातले वालुकाश्म. रामटेकची टेकडी सौसर गटातल्या रूपांतरित खडकांची आहे. ते शंभर कोटी वर्षांपूर्वीच्याही आधीचे. मुळात गाळ होता. तो गाडला गेला, दाबला गेला, भाजला गेला, दुमडला गेला. मनसरचं मँगनीज याच कुटुंबातलं.

इथे थर आडवे नाहीत, कललेले आणि दुमडलेले आहेत. क्वार्ट्झ भरपूर असलेला खडक पाण्याला सहजी दाद देत नाही, बाजूचा मऊ खडक देतो. परिणाम प्रश्न ७ सारखाच: टणक ते उरलं. आकार मात्र टेबलाचा न होता लांबट धारेचा झाला. गडमंदिराच्या पायऱ्या चढताना कडेच्या दगडात चमचम दिसली तर तो अभ्रक समजा.

९. सातपुडा आणि सह्याद्री तरी खरे पर्वत आहेत ना?

‘खरे’ म्हणजे हिमालयासारखे घड्या पडून झालेले, असं म्हणायचं असेल तर दोन्ही नाहीत.

सातपुडा पाठ्यपुस्तकात गटपर्वत आहे: एका बाजूला नर्मदेची खचलेली दरी, दुसऱ्या बाजूला तापीची, मधला ठोकळा उंच. पण त्या ठोकळ्याला रूप दिलं पाण्याने. सर्वांत उंच धूपगड, १,३५२ मीटर, पचमढीच्या वालुकाश्मात आहे. गाविलगडचे डोंगर बेसाल्टचे.

सह्याद्रीसाठी कुठलंही पुस्तक नको, मुंबईचं तिकीट काढा. नागपूरहून रात्री गाडीत बसलात की पहाटे इगतपुरी येते. आपण डोंगर चढलो असं रात्रभरात एकदाही वाटलेलं नसतं. इगतपुरी सुटली की मात्र कसाऱ्यापर्यंत बोगदे, पूल आणि कान दडे बसवणारा उतार. पूर्वेकडून पाहिलं तर पठार, कोकणातून पाहिलं तर पर्वत. सह्याद्री म्हणजे पठाराची मागे मागे सरकत गेलेली कड आहे. पश्चिमेकडे उतरणारे ओढे आखूड आणि तीव्र उताराचे, ते कडा खात येतात. १,६४६ मीटरचं कळसूबाई, राज्यातलं सर्वोच्च शिखर, याच खाल्लेल्या पठाराचा उरलेला तुकडा.

१०. झिजल्यामुळे डोंगर उंच होतो असं तुम्ही म्हणालात. ते तोंडातून चुकून निघालं का?

चुकून नाही. कन्हानमध्ये रेतीने भरलेला डोंगा आठवा. अर्धी रेती उतरवली की डोंगा वर येतो. पृथ्वीचं कवच खालच्या जड, अतिसावकाश वाहू शकणाऱ्या थरावर असंच तरंगतंय. वरचा १०० मीटर खडक झिजून गेला की कवच जवळजवळ ८० मीटर वर उचललं जातं. म्हणून एखादा प्रदेश एक किलोमीटरने ठेंगणा करायचा तर पाच-साडेपाच किलोमीटर खडक काढावा लागतो. प्रदेशाची सरासरी उंची मात्र कमीच होते, हे विसरू नका.

गंमत पुढे आहे. झीज सगळीकडे सारखी होत नाही. नद्या आणि हिमनद्या दऱ्या खोल करतात, शिखरांना फार हात लावत नाहीत. भार हलका झाला की दऱ्या आणि शिखरं एकत्रच वर येतात, आणि ज्याचं काही झिजलं नाही ते शिखर पूर्वीपेक्षा उंच होतं. पीटर मोल्नार आणि फिलिप इंग्लंड या भूशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये हा मुद्दा जोरात मांडला. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार एव्हरेस्टजवळच्या अरुण नदीने सुमारे ८९,००० वर्षांपूर्वी दुसरी नदी आपल्यात ओढून घेतली, तिची खोदण्याची ताकद वाढली, आणि त्यामुळे एव्हरेस्ट १५ ते ५० मीटरने उंचावला असावा.

११. हिमालय कधी झिजून संपेल का?

लवकर नाही. खालून भारतीय भूपट्ट अजून ढकलतोय. वर्षाला सुमारे दोन सेंटिमीटर दाब एकट्या हिमालयाच्या पट्ट्यात जिरतो. वरून झीजही जबरदस्त आहे, काही भागांत वर्षाला मिलिमीटरच्या घरात. ऐकायला कमी वाटतं, पण दहा लाख वर्षांत तो एक किलोमीटर होतो. आवक चालू आहे तोवर जावक कितीही असली तरी दुकान चालतं. ढकलणं थांबलं की मग उतरती कळा.

१२. अरवलीच्या १०० मीटरवरून एवढा गोंधळ का झाला होता?

कारण ती अशा म्हाताऱ्या पर्वताची गोष्ट आहे. अरवली शंभर कोटी वर्षांहून जुना. गुरुशिखर अजून १,७२२ मीटर उंच असलं तरी बाकी बराच भाग झिजून बुटक्या धारांवर आला आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका समितीची व्याख्या मान्य केली: आजूबाजूच्या जमिनीपेक्षा किमान १०० मीटर उंच असेल तेच अरवलीची टेकडी. बुटक्या धारा व्याख्येबाहेर पडल्या तर त्यांचं खाणीपासून संरक्षण कसं व्हायचं, यावरून गदारोळ झाला आणि डिसेंबरअखेर न्यायालयानेच तो निर्णय स्थगित ठेवला.

माझं मत विचाराल तर, झिजलेल्या पर्वताला उंचीची अट घालणं म्हणजे आजोबांना दात मोजून घरात घेणं. भूशास्त्र खडक आणि रचना बघतं. ३० मीटरची धार आणि ३०० मीटरची धार एकाच घडीचे भाग असू शकतात.

१३. डोंगराचा गेलेला भाग जातो कुठे?

बराचसा तुमच्या भिंतीत. चाळलेल्या कन्हानच्या रेतीची चिमूट तळहातावर घ्या आणि उन्हात धरा. काचेसारखे कण क्वार्ट्झचे, गुलाबी-पांढरे फेल्डस्पारचे, चमकून सरकणारी चकती अभ्रकाची. कन्हान सातपुड्यात छिंदवाडा जिल्ह्यात उगम पावते आणि जुन्या ग्रॅनाइटी खडकांवरून येते, त्यांचे हे तुकडे. बेसाल्टमध्ये क्वार्ट्झ जवळपास नसतंच, त्याची होते चिकणमाती. म्हणून निव्वळ बेसाल्टच्या मुलखातल्या नद्यांना बांधकामाची रेती बेताचीच, आणि कन्हानच्या रेतीला भाव.

बारीक माल आणखी पुढे जातो: कन्हान, वैनगंगा, प्राणहिता, गोदावरी, बंगालचा उपसागर. लावा गावाकडच्या उंचवट्यांवरून निघणारी आपली नाग नदीही याच रांगेत आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलावाखालच्या वस्त्यांत पाणी शिरलं तेव्हा घराघरांतून जो चिखल काढावा लागला, त्यात सांडपाण्याचा गाळ होता तशी पश्चिमेकडच्या टेकड्यांची मातीही होती.

१४. माळीणसारखी दरड आपल्याकडे कोसळेल का?

शहरात तशी शक्यता फार कमी. तेवढा उंच आणि तीव्र उतार नाही, मातीचा तेवढा जाड थर नाही. चिखलदऱ्याच्या घाटरस्त्यावर पावसाळ्यात दगड येतात, तिथे सांभाळून. माळीणला ३० जुलै २०१४ रोजी जे झालं त्यात मुसळधार पाऊस, तीव्र उतार आणि कुजलेल्या बेसाल्टची माती हे तिन्ही एकत्र आले होते.

१५. गिट्टीसाठी अख्खी टेकडी खोदून नेली. ही झीजच झाली का?

परिणाम तोच, वेग वेगळा. स्थिर प्रदेशातला उघडा खडक दहा लाख वर्षांत काही मीटर ते काही दहा मीटर झिजतो. क्रशरला त्यासाठी एक हंगाम पुरतो. माणूस आता नद्यांपेक्षा जास्त दगडमाती हलवतो, असे अंदाज भूशास्त्रज्ञांनी मांडलेले आहेत. फक्त भूरूपांच्या भाषेत तुटलेला कडा आणि खाणीची भिंत सारखी वाचू नका. पावसाने केलेल्या उताराला आकार असतो, सुरुंगाच्या भिंतीला नसतो.

१६. मग कोळसा खाणीजवळ मातीचे जे ढिगारे आहेत, त्यांना टेकडी म्हणायचं का? आमच्या गावात तर तेच सर्वांत उंच आहेत.

नकाशावर उंची दाखवायची असेल तर हो. भूरूप म्हणून नाही, कारण आत खडकाची रचना नाही, नुसता ओतलेला माल आहे. खाणीवरची माणसं त्याला ओबी म्हणतात, म्हणजे ओव्हरबर्डन, कोळशावरून काढून टाकलेली दगडमाती. पण झीज शिकायला त्याच्यासारखी जागा नाही. नवा ढिगारा जूनमध्ये गुळगुळीत असतो. ऑगस्टमध्ये त्याच्यावर बोटभर नाल्या पडतात, त्या एकमेकींना मिळून हातभर होतात, मधल्या धारा उठून दिसतात, पायथ्याशी पंख्यासारखा गाळ पसरतो. दिवाळीपर्यंत सातपुड्याची छोटी प्रत तयार. आत जायला परवानगी नसते आणि माती केव्हाही सरकते, म्हणून लांबून रस्त्यावरूनच बघा. सकाळी साडेसातच्या तिरप्या उन्हात नाल्या सर्वांत स्पष्ट दिसतात.